तिथीची पाऊणपट

प्रवासास निघण्यापूर्वी मुहूर्त पाहण्याची चाल आमच्या घरात वडिलांच्या पिढीबरोबरच संपली. राहुकाल, दिशाशूल, चंद्रबळ ही मंडळी आता आमच्या दाराशी येऊन तशीच परत जातात. परंतु मनुष्यास कशावर तरी भिस्त ठेवल्यावाचून करमत नाही. म्हणून पंचांगाची रिकामी झालेली जागा आमच्याकडे वेधशाळेने घेतली आहे. कोठे जावयाचे ठरले की आम्ही आधी तेथील वर्षभराचे हवामान काढून बसतो. कोणत्या महिन्यात पारा किती, पाऊस किती, वारा कोणत्या दिशेचा, याचे कोष्टक कागदावर मांडतो, आणि नापसंत महिन्यांवर तांबड्या शाईने काट मारतो. आमच्या कुटुंबाचे मत असे की, या छंदापायी आम्ही जितकी स्थळे टाळली तितकी पाहिली नाहीत. हे मत आम्ही आजवर हसण्यावारी नेत आलो. गेल्या आषाढापासून मात्र ते तसे नेता येईनासे झाले आहे. त्याचीच ही हकीकत.

आमची आत्या शहात्तर वर्षांची. तिचा जन्म गिरगावातील एका चाळीतला. विसाव्या वर्षी लग्न होऊन ती अमरावतीस आली, आणि पुढे आमचे वडीलही नोकरीनिमित्त तेथेच स्थायिक झाले. त्यानंतर ती मुंबईस गेली नाही असे नव्हे, पण गेली ती लग्नामुंजीपुरती: स्टेशनावरून कार्यालयात आणि कार्यालयातून स्टेशनावर. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान वारले. त्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी ती सहज बोलल्यासारखे बोलली, "एकदा गिरगावचा समुद्र पाहून यावा, असं फार मनात आहे रे." आत्याला काही मागण्याची सवय नाही, मागितलेले आम्हांस तरी हे एवढेच आठवते. आम्ही तत्काळ होकार दिला आणि कागद पुढे ओढला.

मुंबईचे वर्ष वरवर पाहता एकसुरी आहे असा पुष्कळांचा समज असतो. पण ते शहर आपल्या वाटते त्याहून लहरी आहे. सांताक्रूझच्या नोंदीत १९५२ च्या एप्रिलात पारा ४२.२ अंशांवर गेलेला आहे आणि १९६२ च्या जानेवारीत तो ७.४ अंशांवर उतरलेला आहे. मार्च महिना तेथे वसंताचा म्हणावा, तर जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा कित्येक दिवस समुद्राच्या वाऱ्यास दुपारपर्यंत आत येऊ देत नाही, आणि शहर भट्टीसारखे तापते. एप्रिल-मे मध्ये पारा आमच्या विदर्भाच्या मानाने कितीतरी खाली. पण आमच्याकडे घाम वाळतो आणि तेथे तो वाळत नाही, एवढ्या एका फरकाने माणूस हैराण होतो. पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून. तरी २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन दाखल झाला. जुलैत सांताक्रूझला आठशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो ओसरला की ऑक्टोबरचा उकाडा. आणि हिवाळा गोड म्हणावा, तर अलीकडे त्या दिवसांत वारा पडून धुळीचे व धुराचे मळभ शहरावर बसून राहते. आत्याची छाती नाजूक. सबब एकामागून एक महिने तांबड्या शाईखाली गेले आणि उरला तो जानेवारीचा उत्तरार्ध.

तो जानेवारी आम्ही तीन वेळा ठरविला. पहिल्या वर्षी आमच्याकडेच थंडीची लाट आली, आत्याला खोकला झाला, आणि तिकिटे परत केली. दुसऱ्या वर्षी घरात परीक्षा निघाल्या. तिसऱ्या वर्षी मुंबईची हवा बिघडल्याचे आकडे निघण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत आम्ही पाहत होतो, आणि शेवटी आम्हीच माघार घेतली. तिन्ही वेळा आत्या म्हणाली, "बरं, पुढल्या वर्षी." तिच्या या 'बरं'मध्ये काय होते, ते आम्ही कोष्टकात कोठेही मांडले नव्हते.

गेल्या ज्येष्ठात चौथ्या जानेवारीचा विषय निघाला तेव्हा आत्या गहू निवडीत बसली होती. तिने ताट खाली ठेवले. "जानेवारीतला समुद्र पाहायला मुंबईला कशाला जायचं? आपला छत्री तलाव काय वाईट आहे?" आम्ही चपापलो. मग तिने सांगितले ते असे. पावसाळा धरला आणि मोठी भरती असली की तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, कचेरीतून परतल्यावर किंवा सुटीच्या दुपारी तिला खांद्यावर बसवून मरीन ड्राइव्हवर नेत. कठड्यावर लाट फुटे, तिचे पाणी वर उडून रस्त्यावर पडे, आणि ते अंगावर येण्याच्या आधी आजोबा दोन पावले मागे सरत. तेवढी दोन पावले तिला आजही आठवत होती. "मला तो समुद्र पाहायचा आहे. तू मला विचारलंस का कधी, कुठला समुद्र म्हणून?"

विचारले नव्हते. वाचकहो, आम्हांस तेथेच उत्तर सुचले असते तर बरे झाले असते. पण भीती ही सहजासहजी जागा सोडीत नाही. २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता आणि शहरात शेकडो माणसे दगावली होती, हे कोण विसरेल? त्या शहराचा पावसाळा म्हणजे केवळ सहलीचा देखावा नव्हे. शिवाय पावसात पाऊल घराबाहेर काढू नये हा आपल्याकडील जुना शिरस्ता. बौद्ध भिक्षूदेखील एरवी गावोगाव फिरत आणि पावसाळ्यात एका जागी वर्षावास करीत. बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत, त्यांना लागून खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, आणि डोंगरावर पडणारे पाणी पन्हळींनी त्यांत उतरविलेले आहे. पाऊस टाळावयाचा नसून त्यात राहावयाचे कसे, याचा तेथे एवढा विचार केलेला आहे. हा दाखला आम्ही आत्यास मोठ्या आवेशाने दिला. तिने शांतपणे विचारले, "आणि वारकरी केव्हा निघतात रे?" आषाढाच्या तोंडावर, भर पावसात. यावर बोलण्यासारखे काही राहिले नाही.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. भिजू नका, छातीचे फवाऱ्याचे औषध पिशवीत असू द्या, आणि धाप लागली तर हट्ट करू नका, एवढेच त्यांनी सांगितले. जाऊ नका, असे ते म्हणाले नाहीत. चार वर्षे तो शब्द आम्हीच त्यांच्या तोंडी घालीत आलो होतो.

आता कोष्टक नव्याने मांडणे आले. या खेपेस महिना मुळात ठरलेलाच होता; शोधावयाची होती ती वेळ. समुद्रास भरती दिवसातून दोनदा येते, ती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्रसूर्यांची ओढ एका रेषेत आल्याने ती सर्वांत मोठी असते. मुंबईची महानगरपालिका पावसाळ्यातील साडेचार मीटरांवरच्या भरतीच्या दिवसांची यादीच प्रसिद्ध करते. कारण शहरातील पुष्कळ नाल्यांची तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस झाला तर पाण्यास समुद्रात जावयास वाट राहत नाही. ही यादी आम्ही शोधीत असता आत्या म्हणाली, "तिथीची पाऊणपट कर की."

आम्हांस काही कळेना. तेव्हा तिने बोटांवर हिशेब करून दाखविला. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करावी. जे येईल ती पूर्ण भरतीची घटिका. चतुर्थीस चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता; अष्टमीस सहा वाजता; पौर्णिमा-अमावास्येस पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. एकदा दिवसा आणि साधारण त्याच सुमारास एकदा रात्री. चाळीत मासळी घेऊन येणाऱ्या एका कोळणीकडून तिच्या वडिलांनी ते शिकून घेतले होते आणि लेकीस शिकविले होते. छापील कोष्टकाशी आम्ही तो हिशेब ताडून पाहिला. अर्ध्यापाऊण तासाचा फरक काही ठिकाणी पडला, पण नारळासारख्या पक्क्या गोष्टी ज्याच्या जिवावर दर्यात लोटल्या जातात ते गणित अगदीच कच्चे कसे असेल? पन्नासावर वर्षे समुद्रापासून दूर राहून तिने ते जपले होते. मुंबईची जी माहिती आम्ही चार वर्षे बाहेरून गोळा करीत होतो, तिचा एक धागा आमच्याच घरात गहू निवडीत बसलेला होता.

मग बेत झाला तो असा. आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, मध्ये धरून चार दिवस. मोठी भरती त्यानंतरही दोनतीन दिवस टिकते. सबब एक दिवस पावसाने खाल्ला तरी दुसरा हाती राहील. मुक्काम उपनगरातील नातलगांकडे न करता गिरगावातच, कारण शीव-कुर्ल्यास रुळांवर पाणी चढले म्हणजे उपनगरातला माणूस तिकडेच अडकतो. एकाच शहरात दोन ठिकाणी आभाळ किती वेगळे वागते पाहा: २००५ च्या त्या भयंकर दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला, तेव्हा कुलाब्यास अवघा ७३ च्या आसपास. घारापुरीचा विचार आम्ही सोडून दिला. दर्या खवळला की त्या होड्या सुटत नाहीत. अलिबागच्या वाटेवरील मांडव्याची लाँच तर पावसाळाभर बंदच. परतीचा दिवस मोकळा ठेवला. आणि सर्वांत खाली, आत्याच्या सांगण्यावरून, लिहिले: पाऊस फार झाला तर खोलीत बसून पाहणे. तोही पाऊसच.

आमची गाडी कल्याणच्या पुढे दोन तास उभी राहिली. अमावास्येच्या दिवशी आभाळ फाटल्यासारखे कोसळत होते. वेधशाळेचा इशारा होता, आणि आम्ही खोलीबाहेर पडलो नाही. आत्याने संध्याकाळी कणकेचा एक दिवा करून लावला आणि खिडकीतून पागोळ्या पाहत बसली. आम्ही दर घटकेस फोनवर हवामान पाहत होतो. "तू एकदा तरी बाहेर बघ," ती म्हणाली.

दुसरा दिवस प्रतिपदेचा. एकाची पाऊणपट, म्हणजे पाऊण. सकाळपासून पाऊस रिमझिमत होता, वारा मात्र नैर्ऋत्येचा आणि चढा. साडेबाराच्या सुमारास आम्ही टॅक्सीने मरीन ड्राइव्हवर गेलो. कठड्यापाशी जाण्यास पोलिसांनी मनाई केली होती. तेव्हा रस्त्याच्या अलीकडच्या बाजूस, एका इमारतीच्या ओसरीखाली आम्ही आत्याला उभे केले. समुद्र चहासारखा मातकट झाला होता. पहिल्या दहापंधरा लाटा कठड्याखालच्या सिमेंटच्या ठोकळ्यांतच मोडल्या. आम्ही मनात म्हटले, एवढ्यासाठी का हा सारा खटाटोप! इतक्यात एक लाट कठड्याच्या वर उभी राहिली, क्षणभर तशीच थांबल्यासारखी वाटली, आणि अर्ध्या रस्त्यावर आडवी पडली. तुषार वाऱ्याबरोबर आमच्यापर्यंत आले. आम्ही छत्री पुढे केली. आत्याने ती हाताने बाजूला सारली आणि, आम्हांस वाटते नकळतच, दोन पावले मागे सरली.

ती काही बोलली नाही. ओठांवरचे खारे पाणी तिने पदराने पुसले नाही, एवढे आम्ही पाहिले. अर्ध्या तासाने तीच म्हणाली, "चल, तुला भूक लागली असेल." जुनी चाळ पाहावयाची का, असे आम्ही विचारले. तिने मान हलविली. चाळीच्या जागी आता उंच इमारत उभी आहे हे तिला ठाऊक होते. त्यासाठी ती आलीच नव्हती.

या प्रवासाची किंमत पडली नाही, असे आम्ही म्हणणार नाही. अमरावतीस परतल्यावर आत्या नऊ दिवस खोकत होती, दोन रात्री आम्ही जागून काढल्या, आणि त्या दोन रात्रींत तांबड्या शाईची आम्हांस पुष्कळ आठवण झाली. वृद्ध माणसास पावसात नेणे शहाणपणाचे, असा सिद्धांत मांडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. कोष्टकेही आम्ही फाडून टाकलेली नाहीत. ज्या चार दिवसांत आम्ही सुखरूप जाऊन आलो, ते त्यांच्याच साह्याने. फक्त त्यांत आता पहिला रकाना नवीन आहे. तेथे महिन्याचे नाव नसते. कोणास काय पाहावयाचे आहे, ते त्याला विचारून लिहिलेले असते, आणि पारा व पाऊस त्याच्या मागून येतात.

परवा आत्याने नवीन पंचांग मागवून घेतले. आषाढाचे पान उघडून ती बोटांवर काही मोजीत होती. आम्ही विचारले, "काय गं, पुन्हा?" "माझं झालं रे," ती म्हणाली, "तुझ्या मुलीला न्यायचं म्हणते. तिला पाऊणपट येत नाही." आम्ही कागद घेतला, पहिल्या रकान्यात मुलीचे नाव लिहिले, आणि तिला विचारावयास आत गेलो.