खालतींची गहवा

'सिलिकॉन ओएसिस' हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. सिलिकॉन वाळूतूनच काढतात आणि ओएसिस म्हणजे वाळवंटातला पाणवठा. म्हणजे आमचा पत्ता झाला वाळूतला पाणवठा! शेख मोहम्मद बिन झायेद रोड आणि दुबई-अल ऐन रोड जिथे भेटतात, तिथली ही वसाहत. कंपन्यांच्या काचेच्या इमारती, मागे राहायच्या इमारती, त्यापलीकडे वाळू. सकाळी शाळेच्या बस आणि ऑफिसच्या गाड्या गेल्या, की आमच्या मजल्यावर लिफ्टसुद्धा थांबत नाही.

नाशिकला मी आठ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलं. इथे आल्यावर व्हिसावर व्यवसायापुढे 'हाऊसवाइफ' असं छापून आलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण वाचताना घशात काहीतरी अडकलं.

खालच्या मजल्यावर जॉर्डनच्या एक बाई राहायच्या. साठीच्या, लहानपण शारजात गेलेल्या. त्यांना हाक काय मारायची, असं विचारलं तर म्हणाल्या, "खालती." अरबीत 'माझी मावशी'. माझ्या लेकीला वाटलं, त्या खालती राहतात म्हणून खालती!

त्यांनी पहिल्यांदा गहवा दिली, तेव्हा डाव्या हातात लांब चोचीचा दल्ला आणि उजव्या हातात बिनकानाचा इवलासा फिंजान होता. मी पिऊन कप परत दिला, त्यांनी भरला. पुन्हा दिला, पुन्हा भरला. चौथ्या कपानंतर त्यांनी हसत दाखवलं, नको असेल तर कप हलवायचा. आपण पानावर हात आडवा धरतो, तसंच. ह्याच पाहुणचारासाठी 2015 साली अरबी कॉफीची युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाली. एक दिरहमच्या नाण्यावरचं चित्र दल्ल्याचं आहे, हेही मला तेव्हाच कळलं. तोवर ते नाणं मी अब्राच्या भाड्याला नुसतंच देत होते.

गहवा दिसायला पिवळसर, काढ्यासारखी. दूध नाही, साखर नाही, सोबत खजूर. आधी वेलदोडा लागतो, आणि घोट गिळल्यावर मागे गुलाब उरतो. मला एकदम हळदीकुंकवाची गुलाबदाणी आठवली, आणि परीक्षेच्या दिवसांत आई करायची ती जायफळ-वेलदोड्याची कॉफीही. जागं राहायला म्हणून घ्यायची आणि जायफळाने झोप यायची!

मग मीना बाजारातली खरेदी आटोपून अब्राने देरा गाठलं. मसाल्यांच्या सूकमध्ये वाळलेल्या गुलाबकळ्यांची पोतीच्या पोती असतात. तिथून गुलाबपाण्याची बाटली आणली आणि घरी मोठा चमचाभर ओतलं. लेक म्हणाली, "आई, साबणाचा वास येतोय."

खालतींना प्रमाण विचारलं तर म्हणाल्या, "हाताला कळतं." मग एके दिवशी मी त्यांच्या ओट्यापाशी वही आणि मोजायचे चमचे घेऊनच उभी राहिले. त्यांनी हातात काही घेतलं, की आधी माझ्या चमच्यात, मग भांड्यात! त्या हसून म्हणाल्या, "या मुअल्लिमा!" म्हणजे बाई, शिक्षिका. दोन वर्षांत मला कुणी 'बाई' म्हटलं नव्हतं.

वहीतलं प्रमाण असं: तीन कप पाणी उकळलं की फिकट भाजलेल्या कॉफीची जाडसर पूड तीन मोठे चमचे घालायची आणि मंद आचेवर दहा मिनिटं ठेवायची. मग एक मोठा चमचा कुटलेले वेलदोडे घालून आणखी पाच मिनिटं. गॅस बंद करून गाळ बसू द्यायचा. दल्ल्यात आठ-दहा केशरकाड्या आणि फक्त एक छोटा चमचा गुलाबपाणी, आणि त्यावर कॉफी अलगद ओतायची. गुलाबपाणी उकळायचं नाही, वास उडून जातो.

गेल्या मे महिन्यात खालतींच्या यजमानांची नोकरी संपली. इथे नोकरीबरोबर व्हिसा जातो आणि व्हिसाबरोबर शेजार, हे आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे. महिन्याभरात घर खोक्यांत गेलं. शेवटच्या दिवशी आम्ही खोक्यांवर बसूनच गहवा प्यायलो. त्या ओतत गेल्या, मी कप हलवला नाही. शेवटी दल्लाच रिकामा झाला. तो त्यांनी विसळून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "विद्यार्थी नसलेली मुअल्लिमा कशी असते?"

मला उत्तर देता आलं नाही. पण सप्टेंबरपासून दर शनिवारी आमच्या इमारतीतली तीन मुलं माझ्याकडे मराठी वाचायला बसतात. बाराखडी झाली, आता जोडाक्षरं चालू आहेत.

ह्या पाडव्याला फराळाबरोबर चहा नाही, गहवा ठेवणार आहे. चकलीबरोबर छान लागते, मी खाऊन पाहिलंय. जरूर या. आणि पुरे झालं की कप हलवा, नाहीतर मी ओतत राहीन.