तुरीची रास आणि बर्फाचा उतार

मराठवाड्यातल्या माणसाचा बर्फाशी संबंध तो किती? रसवंतीवरच्या ग्लासात असतो तेवढा, नाहीतर 2014 च्या गारपिटीत शेतात पडला होता तेवढा. तरीही आमच्या होस्टेलवरच्या सहा जणांना फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय. सचखंडनं दिल्ली, तिथून पुढं. विक्याचं एकच टुमणं – स्नो बाईक! तिचे व्हिडिओ बघून बघून पठ्ठ्याचा त्यात अभ्यास पूर्ण झालाय. (बाकी विषयांचं विचारू नका.)

मी मात्र आधी दादाला फोन लावला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, औसा तालुक्यातल्या आमच्या गावचा, फौजेत आहे. 2017 च्या जानेवारीत तो काश्मीरमध्ये होता आणि त्याच वेळी गुरेझमध्ये हिमकडे कोसळून अनेक जवान गेले. तीन दिवस दादाचा फोन नाही. मी तेव्हा सातवीत. काकू टीव्हीसमोरून हलली नाही. ती किल्लारीकडची. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट तिनं पाहिलेली. ढिगाऱ्याखालचं माणूस म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चौथ्या दिवशी फोन आला. दादा दुसऱ्याच पोस्टवर होता, लाईन बंद होती एवढंच.

पण किल्लारीचा ढिगारा आणि बर्फाचा ढिगारा यात फरक आहे. दगडमातीत कुठं तुळईआड, कुठं बाजेखाली पोकळी राहते. तिकडं एक तान्ही पोर कित्येक दिवसांनी जिवंत निघाली होती. बर्फ मात्र धावताना पाण्यासारखा वाहतो आणि थांबला की सिमेंटसारखा बसतो. बोट हलत नाही. आपल्याच श्वासानं तोंडापुढं बर्फाचं कवच तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले साधारण नऊ जण वाचतात, अर्ध्या तासानंतर तीनेक. सियाचीनमध्ये 2016 साली लान्स नाईक हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, सगळा देश हळहळला, पण 11 फेब्रुवारीला तेही गेले. म्हणजे हेलिकॉप्टर येईपर्यंत खेळ संपलेला असतो. वाचवणार ते सोबतचेच.

आता थोडं इंजिनिअरिंग. माझे बाबा लातूरच्या आडत बाजारात मुनीम आहेत. लहानपणी मी तिथं तुरीच्या राशी बघत बसायचो. वरून पाटी ओतत गेलं की रास एका ठरलेल्या कोनापर्यंतच उभी राहते, मग दाणे घसरतात. मला वाटायचं बर्फाचंही असंच असणार. तसं नाही! मोकळा भुसभुशीत बर्फ असा घसरतो खरा, पण माणसं मारतो तो बहुतेक वेळा वेगळाच प्रकार. खाली साखरेसारखे सुटे कण झालेला एक कच्चा थर, त्यावर वाऱ्यानं दाबून बसवलेली बर्फाची जाड लादी. 30 ते 45 अंशांचा उतार, वरून दोन-तीनशे किलोची स्नो बाईक... कच्चा थर चिरडला की तडा सरसर पळतो आणि अख्खी लादी सुटते. सिनेमात ओरडल्यानं कडा कोसळतो ते थोतांड. अपघातात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो उतार स्वतःच सोडवलेला असतो, स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनानं. बर्फ दबल्याचा ‘धप्प’ असा आवाज ही धोक्याची खूण. चालणाऱ्याला ती ऐकू येते, इंजिनच्या घरघरीत बाईकवाल्याला येत नाही.

पाठीवरच्या एअरबॅगचं तत्त्व तर आपल्याच घरातलं. पोतं हलवलं की मोठे खडे वर येतात ना? फुगलेला माणूस तसाच वर राहतो.

दादानं फोनवर शांतपणे सांगितलं, “उतारावर एका वेळी एकच गाडी. बाकीच्यांनी खाली, बर्फ येऊन थांबेल त्या टप्प्याच्या बाहेर थांबायचं. एकाची गाडी वर फसली तर दुसऱ्यानं गाडी घेऊन मदतीला जायचं नाही.” ट्रान्सीव्हर (457 किलोहर्ट्झवर चालतो, आपले इलेक्ट्रॉनिक्सवाले खूश!) अंगावर हवा, फावडं आणि शोधकाठी पाठीवरच्या पिशवीत हवी. गाडीला बांधलं तर गाडी एकीकडं आणि आपण दुसरीकडं.

“आपण तर टुरिस्ट आहोत बे, टुरिस्टला काय होतंय!” इति विक्या. त्याला मी 4 एप्रिल 2023 सांगितलं. गंगटोक-नाथुला रस्त्यावर सात पर्यटक गेले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतची होती, लोक पंधराव्या मैलापर्यंत पोचले होते. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला गुलमर्गच्या अफरवतवर दोन पोलिश स्कीअर गेले, 2024 च्या फेब्रुवारीत एक रशियन. ही मंडळी तर बर्फात मुरलेली. विक्या गप्प बसला, जे सहसा होत नाही.

आता आमचं ठरलंय असं. चंदीगडच्या डीजीआरईच्या अंदाजावरून जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे निघतात, ते रोज सकाळी बघायचं काम माझ्याकडं. इशारा असेल तर गोंडोलाचा वरचा टप्पा रद्द. स्नो बाईक फक्त सपाट मैदानावर, स्थानिक चालकामागं बसून. विक्यानं ‘अंकल, थोडं वर घ्या ना’ म्हणायचं नाही, यावर त्याची सही घेतलीय, जर्नलच्या मागच्या पानावर. काकूला अजून सांगितलेलं नाही. दादा म्हणाला, ते मी बघतो.