खिळ्यांचा रस्ता

बंगळूरची शीतल सकाळ सायकलस्वारास मोहविते. परंतु बाह्य वर्तुळाकार मार्गावर चाक एकदा खाली बसले, की ती सारी सकाळ ठिगळ लावण्यातच सरते. याच मार्गावर २०१२ साली बेनेडिक्ट जेबाकुमार या अभियंत्याची दुचाकी वारंवार पंक्चर होऊ लागली. त्यांनी निरखून पाहिले, तो रस्त्यावर खिळे विखुरलेले! त्रागा न करता कामावर जाता-येता ते खिळे वेचू लागले. आधी हातांनी, मग काठीला लावलेल्या लोहचुंबकाने. २०१५ पर्यंत तीस किलोंहून अधिक खिळे जमले.

आपण निदान एवढे करावे : ठिगळ लावण्यापूर्वी टायरच्या आतून जपून बोट फिरवावे. रुतलेला खिळा तसाच राहिला, तर नवे ठिगळही व्यर्थ. काढलेला खिळा मात्र रस्त्यावर न टाकता रुमालात गुंडाळून घरी न्यावा. मागून येणाऱ्याचीही सकाळ वाचेल.