काळदुर्गाची वाट आणि कागदाचा नकाशा

पालघर स्टेशनांत उतरून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे भाताच्या खाचरांपलीकडे डोंगरांची एक काळसर रांग दिसते. तिच्यांतील एका शिखरावर, देव्हाऱ्यापुढें चौरंग मांडावा तसा, एक चौकोनी कातळ बसलेला आहे. तोच काळदुर्ग. डहाणूकडे जातांना आगगाडीच्या खिडकींतून आम्हीं तो कितीदां तरी पाहिला होता. परंतु त्याची वाट चालण्याचा योग गेल्या वर्षीं गौरी-गणपति उरकल्यावर आला, आणि तोहि एका पाहुण्याच्या निमित्तानें.

आमचा भाचा अमेरिकेंत असतो. सुटी मिळाली कीं तो तेथील निर्जन पर्वतांत चार-चार दिवस हिंडतो. अशा वेळीं मुठींत मावेल एवढें एक यंत्र तो जवळ बाळगतो. जेथें मोबाईलच्या मनोऱ्याची पोंच नाहीं, तेथून हें यंत्र उपग्रहामार्फत दोन ओळींचा निरोप घरीं धाडतें. आणि प्रसंग पडल्यास एक कळ दाबतांच आपले अक्षांश-रेखांश कळवून मदत मागतें. येण्यापूर्वीं त्यानें विचारलें, "मामा, तें यंत्र घेऊन येऊं का?" आम्हीं निक्षून "नको" म्हणून कळविलें.

याचें कारण आमच्या अनेक वाचकांस ठाऊक नसेल. १९३३ च्या बिनतारी यंत्रांच्या कायद्यापासून आजपर्यंत आपल्या देशांत परवान्याविना असें यंत्र बाळगणें हा गुन्हा आहे. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर आलेले हल्लेखोर समुद्रमार्गें आले व त्यांनीं उपग्रह-फोन वापरले. त्यानंतर सरकारची नजर अधिकच कडक झाली. २०२४ च्या डिसेंबरांत एका कॅनेडियन धावपटू बाईंस गोव्याच्या विमानतळावर याच कारणानें अडविण्यांत आलें. स्थान दाखविणारें साधें यंत्र चालतें. उपग्रहाकडे निरोप धाडणारें मात्र चालत नाहीं.

तेव्हां भिस्त राहिली ती कागदी नकाशावर. १७६७ पासून चालत आलेल्या आपल्या सर्वेक्षण खात्याचे नकाशे फार विश्वासू. पण किनाऱ्यापासून सुमारें ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे एके काळीं सामान्य माणसाच्या हातीं पडत नसत. २००५ च्या धोरणानें खुले नकाशे निराळे काढण्यांत आले, व आतां ते घरबसल्या उतरवून घेतां येतात. जुन्या क्रमानें पालघरचें पान ४७ ए/१४. त्यावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. आणि तपकिरी समोच्चरेषा दर वीस मीटर उंचीस एक. रेषा दाटल्या कीं कडा, विरळ झाल्या कीं माळ. भाच्यानें होकायंत्र आणलें होतेंच. या भागांत होकायंत्राची उत्तर व खरी उत्तर यांत एका अंशाचाहि फरक नसल्यामुळें तो हिशेबहि सुटला.

सकाळीं मनोरच्या रस्त्यानें वाघोबाच्या खिंडींत उतरलों. वारली लोकांचा हा वाघोबा. त्यास हात जोडल्यावांचून येथून कोणी पुढें जात नाहीं. देवळाजवळच्या टपरींत चहा घेतांना सौ.नें टपरीवाल्यास आपण होऊन सांगितलें, "आम्ही तिघें वर जातों. चार वाजेपर्यंत परत येऊं." आम्हांस तें उगीच वाटलें.

दीड-दोन तासांत माथा गांठला. कातळांत खोदलेल्या पायऱ्या व पाण्याचें टांकें याखेरीज गडपणाची खूण थोडीच उरली आहे. पण टेहळणीसाठीं याहून नामी जागा कोणती? एका अंगास सूर्या नदीचें खोरें, दुसऱ्या अंगास समुद्राची चकाकती कड. उत्तरेकडे बोईसरच्या कारखान्यांचा धूर, आणि त्यापलीकडे किनाऱ्यावर तारापूर. तेथील कोट १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतला. आणि तेथेंच १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीज केंद्र सुरू झालें. भाच्यानें नकाशा उघडून पाहिला; पण अशीं नाजूक स्थळें खुल्या नकाशावर दाखवीत नाहींत. एवढा मोलाचा किनारा समोर पाहिल्यावर सरकार नकाशांविषयीं व निरोपांविषयीं इतकें सावध कां, हें त्यास निराळें सांगावें लागलें नाहीं.

उतरूं लागलों तों ढग खालीं आले. दहा पावलांपलीकडे कांहीं दिसेना. वाट आपल्या ओळखीची झाली या घमेंडींत आम्ही पुढें चालत राहिलों, आणि अर्ध्या तासानें पायांखालीं वाटच नाहींशी झाली. पावसानें भिजलेला फोन केव्हांच मुका झाला होता. भाच्याच्या फोनास रेंज नव्हती. सौ. कांहीं बोलली नाहीं, परंतु तिचा चेहरा उतरला होता. दिवस मावळावयास दोनच तास होते.

भाच्यानें शांतपणें नकाशा दगडावर पसरला, होकायंत्रानें तो उत्तरेस जुळविला, आणि आम्ही उतरत होतों ती सोंड बोटानें दाखविली. रस्ता एकीकडे, आणि आम्ही त्याकडे पाठ करून उतरत होतों! पुढें तपकिरी रेषा एकमेकींस चिकटल्या होत्या, म्हणजे कडा. चूक सर्वस्वीं आमची होती. "ओळखीच्या जागेपर्यंत परत वर जायचें," एवढेंच तो म्हणाला. त्या वेळची चढण आम्हांस जन्मांत विसरणार नाहीं.

वरच्या सपाटीवर डोकीवर लाकडांची मोळी घेतलेली एक वारली बाई भेटली. आमची अवस्था पाहून ती न बोलतां पुढें झाली. तिनें नेलें ती वाट नकाशावर नव्हतीच. खिंडीच्या अलीकडे हातांत बॅटरी घेतलेला एक मुलगा समोरून आला. चार वाजून गेले, सहा वाजले, तरी तिघें उतरलीं नाहींत, म्हणून टपरीवाल्यानें त्यास धाडिलें होतें. तेव्हां सौ.च्या त्या दोन वाक्यांचें मोल आम्हांस कळलें.

दुसऱ्या दिवशीं मासळीसाठीं सातपाटीस गेलों. बंदरावर एका तांडेलानें आपल्या होडीवरील नवें यंत्र कौतुकानें दाखविलें. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघरच्याच सभेंत पंतप्रधानांनीं या योजनेचा आरंभ केला. इस्रोनें तयार केलेलीं अशीं एक लाख यंत्रें किनाऱ्यावरील तेरा राज्यें व केंद्रशासित प्रदेशांतील मासेमारी होड्यांवर टप्प्याटप्प्यानें बसवावयाचीं आहेत. रेंज नसलेल्या समुद्रांतून त्यांवरून उपग्रहामार्फत संकटाचा निरोप धाडतां येतो, आणि वादळाचा इशाराहि मिळतो.

भाचा बराच वेळ तें यंत्र न्याहाळीत होता. आमच्याहि मनांत आलें कीं, ज्या तालुक्यांत कोळ्यास ही सोय सरकारनें स्वतः होऊन दिली, त्याच तालुक्यांत डोंगरावर वाट चुकलेल्यास ती कां नसावी? होडीची नोंद असते, यंत्राचीहि असते. तशीच नोंद करून, स्वदेशी उपग्रहावरील यंत्र गिर्यारोहण संस्थांस देतां येणार नाहीं काय? सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. पण दरवर्षीं पावसाळ्यांत सह्याद्रींत अडकणाऱ्या तरुणांचे प्राणहि खरे आहेत.

ती सोय होईपर्यंत डोंगरीं जाणाऱ्या आमच्या तरुण वाचकांस विनंति एवढीच. नकाशा व होकायंत्र जवळ ठेवा, आणि तीं वापरण्याचा सराव घरींच करा. चुकल्याचें ध्यानांत येतांच पुढें न रेटतां मागें फिरा. आणि पायथ्याशीं कोणास तरी परतण्याची वेळ सांगून जा.

आमचा नकाशा त्या पावसांत घडीवर फाटला. सौ.नें तो पोळपाटाखालीं दाबून वाळविला व मागून कापडाची पट्टी लावली. भाच्याचें परवां पत्र आलें: पुढील खेपेस आशेरीगड, आणि नकाशा तोच हवा.