पिंगळ्याच्या पायातलं लाल वाळं

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या हद्दीबाहेर, तुरीच्या धुऱ्याला लागून एक पडीक माळ आहे. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तिथल्या कुसळीतून, अगदी माझ्या पायाशी, एक घुबड उठलं. माझ्या मूर्खपणाची सुरुवात तिथून झाली.

ते आखूड कानाचं घुबड होतं. ढोलीत नव्हे, जमिनीवर गवतात दिवस काढणारं. हिवाळ्यात उत्तरेकडून येतं, उन्हं तापू लागली की परततं. पिवळेजर्द डोळे, भोवती काजळ फासल्यासारखं. वाशीम जिल्ह्यात थंडी काढायला आलेला हा पाहुणा नेमक्या कुठल्या गावचा, या प्रश्नानं मला झपाटलं. पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेलं वाळं घालून त्याचा प्रवास शोधतात, सलीम अलींच्या पुढाकारानं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं 1959 पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केलं, एवढं मी वाचलेलं. एवढ्यावरच मी ठरवलं, आपणही घालू.

सराव म्हणून पिंगळा सापडला. शेजाऱ्यांच्या विहिरीत पडला होता, मी बादलीनं काढला. पंख वाळले तेव्हाच सोडायला हवा होता. मी दोन दिवस खोक्यात ठेवला आणि दूध-पोळी भरवली. किडे-उंदरांवर जगणाऱ्या पक्ष्याला दूध-पोळी! मग बाजारात कोंबड्यांच्या पायात घालतात तसलं लाल प्लास्टिकचं वाळं आणलं, त्यावर मार्करनं ‘1’ लिहिलं आणि त्याच्या पायात चढवलं. सोडला तोही भर दुपारी. कावळ्यांनी त्याला तीन झाडं फिरवलं. मी मात्र वहीत तारीख, वार, वेळ टिपत होतो. शास्त्रज्ञच झालो होतो ना!

पक्ष्यांना वाळी घालण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या एका ओळखीच्या माणसाला मी फुशारकीनं फोन केला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. परवानगी कुणाची? आणि नंबर कुठं नोंदवला? माझ्या वहीत, म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता.

मग त्यांनी न चिडता सांगितलं. 1972च्या वन्यजीव कायद्यानं घुबड संरक्षित आहे, परवानगीशिवाय त्याला धरणं हाच गुन्हा. वाळ्याचं माप जातीनुसार ठरतं. ते पायावर मोकळं फिरलं पाहिजे, पण पंजावरून निसटता कामा नये. त्यावरचा क्रमांक दुसऱ्या कुठल्याच वाळ्यावर नसतो, सोबत संस्थेचं नाव असतं. दूर कुठं तो पक्षी कुणाच्या हाती लागला तर खबर द्यायची कुणाला, हे कळावं म्हणून. माझ्या ‘1’ची खबर कोण कुणाला देणार? आणि त्या गुंडाळीच्या वाळ्याची उघडी कड पिसांत नाहीतर काटकीत अडकली, तर पक्षी लटकूनच मरेल.

पुढचे तीन आठवडे मी त्याला पुन्हा धरायची खटपट केली. दोनदा तो घरासमोरच्या कडुनिंबावर दिसला, मान वाकवून पायाला चोच मारत होता. वन विभागाकडे जाऊन सांगावं, एवढं धैर्य मला झालं नाही. खरी लाज त्याची वाटते.

एवढं होऊनही माळावर जाणं सुटलं नाही. आता नवं खूळ होतं. त्या घुबडाच्या पायात आधीच कुणी वाळं घातलंय का, ते बघायचं. त्यासाठी फोटो हवा, फोटोसाठी ते उडायला हवं. म्हणून मी गवतातून चालायचो. एका दुपारी पाचव्यांदा उडालं तेव्हा घारीनं त्याच्यावर झेप घेतली. बकऱ्या चारणारे एक काका बांधावरून पाहत होते.

“भाऊ, दिवसभर त्याले उडवून रायले तुम्ही. मंग रातच्यानं उंदरं कवा धरन ते?”

मी कॅमेरा पिशवीत टाकला. मार्चच्या मध्यात माळ रिकामा झाला. जायची वेळ झाली म्हणून गेलं, की माझ्यामुळे, हे मला कळायचा मार्ग नाही. पायाचा एकही फोटो धड आला नव्हता.

कडुनिंबावर अजून पिंगळ्यांची जोडी येते. दिवेलागणीला मी दुर्बीण लावून बसतो. पण पिंगळा बसला की पोटाची पिसं पायांवर उतरतात, आणि लाल असं काही आहे की नाही, ते दिसत नाही.