पोटली

राही अनिल बर्वेचा ‘तुंबाड’ पहिल्यांदा पाहिला तो हॉस्टेलवर. २०१८ साली तो आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा पाथर्डीहून पुण्याला आलेल्या वडिलांना घेऊन गेलो.

शेवटी विनायक बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून सगळे हस्तर अंगावर घेतो. पोरगा वाचतो. (स्पॉयलर आहे, पण बरीच वर्षं झाली राव.) मग शापानं सडलेला बाप मुद्रांनी भरलेली पोटली पुढे करतो. पांडुरंग ती घेत नाही, बापाला पेटवून देतो. लोभाची साखळी तुटली, विषय संपला, असं मला वाटायचं.

पार्किंगमध्ये वडील म्हणाले, “घ्यायची व्हती पोरानं. बापानं मरून आणली व्हती.”

आमच्या रानात तीन बोअर कोरडे गेले. दर वेळी पाणाड्या यायचा, तळहातावर नारळ उभा राहायचा, खाली निघायचा फुफाटा. चौथा बोअर घ्यायचं सोडून वडिलांनी एक एकर विकलं आणि माझी फी भरली.

मी एकदाही नको म्हणालो नव्हतो.

“भूक लागली का?” मी विचारलं.

“तुझं बघ,” म्हणाले, आणि गाडीवर मागे बसले.