आईचा खरा बर्थडे

आमच्या ऑफिसमध्ये दर आठवड्याला कुणाचा तरी बर्थडे असतो. साडेचारला कॉन्फरन्स रूम, ब्लॅक फॉरेस्ट आणि निम्मं क्रीम बर्थडे बॉयच्या तोंडाला! मागच्या डिसेंबरमध्ये एका मैत्रिणीनं सहज विचारलं, ‘‘तुझ्या आईचा बर्थडे कधी गं?’’ मी म्हटलं, ‘‘एक जून.’’ आणि माझं मलाच हसू आलं. आमच्या कनेरगाव नाक्यावर आईच्या वयाच्या कितीतरी जणांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकून दिलेली तारीख!

रात्री फोन लावला. ‘‘आई, खरी तारीख काय गं?’’

‘‘कुणाला ठाऊक? तुझी आजी म्हणायची, भोगीच्या भाजीला गाजरं चिरता चिरता कळा सुरू झाल्या.’’

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. बहुतेक वेळा १३ जानेवारी. आई साठीला आली आणि तिचा एकही वाढदिवस झालेला नाही. ठरलं! सुट्टी टाकली. केक घरी करायचा आणि तोही गाजराचाच.

आमचं गाव हिंगोली-वाशीम रस्त्यावर, मराठवाडा संपता संपता. घरात ओव्हन नाही, फ्रॉस्टिंगसाठी क्रीम चीज नाही. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखर रेशनवर गेली, ती पार १९५३ पर्यंत. त्या दिवसांत तिथल्या बायकांनी गाजराच्या गोडीवर वेळ निभावून नेली. मग आपलं काय अडलंय?

१२ तारखेचा केक फसला. दही, सोडा सगळं फेटून झालं आणि शेजारच्या काकू आल्या. अर्धा तास गप्पा. केक जो बसला तो बसलाच!

‘‘ढोकळ्यात सोडा टाकल्यावर कोणी गप्पा मारत बसतं का, बाई?’’ आई म्हणाली. दही आणि सोडा एकत्र आले की लगेच बुडबुडे धरतात. थांबलं की ते निघून जातात. बारावीची केमिस्ट्री मी विसरले होते, तिच्या हातात होती.

त्याच रात्री तिनं दही फडक्यात बांधून खुंटीला टांगलं. सकाळी मस्त चक्का तयार!

दुसऱ्यांदा दीड वाटी मैदा, वाटीभर पिठीसाखर, पाऊण वाटी दही, अर्धी वाटी तेल, सव्वा वाटी गाजराचा कीस, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि थोडं जायफळ. कुकरच्या तळाला मीठ पसरून, रिंग आणि शिट्टी काढून तो दहा मिनिटं तापवला. भांडं आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास. सुरी कोरडी निघाली! केक पूर्ण गार झाल्यावरच पिठीसाखर आणि वेलची घातलेला चक्का वर लावला. गरम केकवर तो पाणी सोडतो, हेही आईनंच सांगितलं.

‘‘कशाला करायलीस एवढं?’’ असं ती दिवसभर म्हणत होती. पण संध्याकाळी लग्नातली पैठणी नेसून आली. मेणबत्ती फुंकायला मात्र साफ नकार. ‘‘पेटलेला दिवा विझवतात का?’’ मग मी तिला ओवाळलं.

नंतर ती डबा घेऊन काकूंकडे गेली. मी दारातच उभी होते.

‘‘घ्या, आज माझा वाढदिवस हाय.’’

हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.